ठोकळ्याचा उसासा

४ जानेवारी

आज शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. कारखान्यात त्यांना शेठ म्हणायचं, घरी काका. ते बाबांचे थोरले भाऊ. कामावर लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "गेटच्या आत नातं नको, लोक बोट दाखवतात." मी ते काटेकोरपणे पाळतो. एकदा त्यांच्या घरी जेवताना चुकून शेठ म्हणालो, तेव्हा काकूंना हसून हसून ठसका लागला होता.

मला वाटलं, स्टोअरमध्ये माझी काही तरी चूक निघाली. केबिनपर्यंत चालत जाताना मी मनात सगळी पिंपं तपासली. पॉलिओलच्या पिंपाचा नळ मी बंद केला होता की नाही? केला होता. बहुतेक केला होता. दारातून परत फिरून बघून आलो. बंद होता.

"मार्चमध्ये कारखान्याला पंचवीस वर्षं होतायत," शेठ म्हणाले. "एक पुस्तिका काढायची आहे. आपला इतिहास. तुझं शुद्धलेखन चांगलं आहे असं ऐकतो."

"शेठ, माझी शाळा नववीपर्यंतच झाली."

"मग? नववीत काय ऱ्हस्व-दीर्घ वेगळं असतं का?" ते हसले. मग त्यांनी सांगितलं की गाद्यांची एक मोठी कंपनी आपल्यात निम्मा हिस्सा घेणार आहे, त्यांचे लोक समारंभाला येतील. "घरच्या माणसानं लिहिलं की त्याला वजन येतं. बाहेरचा भाटगिरी करतो, हे त्यांनाही कळतं."

मी हो म्हणालो. इतका आनंद झाला की चहा घेऊन जा म्हणाले ते ऐकूच आलं नाही, तसाच बाहेर आलो.

७ जानेवारी

बाबांना सांगितलं. ते नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. झोपतातही तसेच, कारण आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नाही.

"दादानं तुला सांगितलं?" बाबा म्हणाले. काकांना ते दादा म्हणतात. "का?"

"माझं शुद्धलेखन चांगलं आहे म्हणून."

मग हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, त्यांनी सुरुवातीचं सांगितलं. मी लिहून घेतलं. पत्र्याची एक शेड होती. दोघे भाऊ, एक ड्रिल मशीन आणि लाकडाचे चार साचे. काका नमुने काखेत मारून दुकानं फिरायचे, बाबा माल तयार करायचे. पॉलिओल आणि टीडीआय ही दोन मुख्य रसायनं. ती औषधांबरोबर बादलीत घुसळून साच्यात ओतली की दूध फुगून येतं तसा फोम वर येतो, आणि बघता बघता कमरेएवढा ठोकळा उभा राहतो. पण पहिल्या वर्षी त्यांचे ठोकळे रात्रभरात आकसायचे. सकाळी बघावं तर कुणी बुक्की मारून दामटल्यासारखे. काका डोक्याला हात लावून बसायचे.

"मग एकदा मी कान लावला," बाबा म्हणाले. "ठोकळा पूर्ण वर आला ना, की त्याच्या पाठीवर बारीक बुडबुडे फुटतात. सुंऽऽ असा आवाज येतो. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. ज्यानं उसासा टाकला, तो टिकला. ज्यानं नाही टाकला, तो आकसला. मग पुढच्या ओतणीत औषध थेंबभर कमी करायचं."

तेव्हापासून आमच्या कारखान्यात प्रत्येक ओतणीला मिक्सरवाला साच्यावर वाकून कान लावतो. बाहेरचे लोक हसतात, पण आमचा माल आकसत नाही. ही पद्धत बाबांनी शोधली हे मला माहीतच नव्हतं. पुस्तिकेत यावर एक स्वतंत्र प्रकरण करणार आहे.

१५ जानेवारी

आज एकावर एक आनंद. मिक्सरवरचा पैलवान काम सोडून गावी गेला आणि त्याची जागा मला मिळाली. पगार वाढला. शेठ म्हणाले, "बापाची जागा आहे, संभाळ."

पैलवानाला पैलवान का म्हणत, हे नव्या माणसाला कळलं नसतं. गेल्या वर्षभरात शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. गेटवर मला म्हणाला, "कान दुरून लाव रे." दुरून कसं ऐकू येणार? मी हसून मान हलवली.

कटिंग मशीनवरचा लंबू म्हणाला, "हेडमास्तर, आता वर्गावर जा." हे नाव त्यानेच मला दिलं आहे, कारण मी त्याच्या रजेच्या अर्जातल्या चुका सुधारतो.

आज मी पहिल्यांदा उसासा ऐकला. साच्यावर वाकलो तर खालून गरम वाफ तोंडावर आली. वास उग्र, थोडासा गोड. डोळे झोंबले. आणि मग तो आवाज. खरंच सुंऽऽ असा, लांबलचक. एवढा मोठा ठोकळा, आणि आवाज किती बारीक. माझ्या अंगावर काटा आला.

मास्कची कपाटं आहेत, पण त्यांना कुलूप असतं. शेठचं म्हणणं असं की मास्क लावला तर स्वतःच्याच श्वासाचा आवाज कानात घुमतो, उसासा ऐकू येत नाही. मी विचार करून पाहिलं. बरोबर आहे.

२ फेब्रुवारी

सर्दी झाली आहे. संध्याकाळी जास्त होते. छातीवर कुणी उशी ठेवल्यासारखं वाटतं. रविवारी एकदम बरं होतं, सोमवारी पुन्हा येते. आई म्हणते ही कसली सर्दी, रविवारची सुट्टी घेणारी.

दुसरी गोष्ट लिहायला नको, पण इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मी कामावरून घरात आलो की बाबांना ढास लागते. रोज. दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकलं की सुरू. आधी मला वाटायचं संध्याकाळच्या हवेनं. पण मी उशिरा आलो तर उशिरा लागते. त्यांना माझी बढती आवडलेली नाही का? त्यांची जागा, त्यांचा कान, आता मी. माणसाचं मन कसं असतं सांगता येत नाही. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

५ फेब्रुवारी

आईनं जिन्यातच बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवले. "इथंच बदल, तसा आत येऊ नकोस," म्हणाली. शेजारच्या काकू वर जात होत्या, मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

"मी काय कसाईखान्यातून आलोय का?" मी म्हणालो.

"कुठून आलायस ते त्यांच्या छातीला विचार," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

कपडे बदलून आत गेलो. आज बाबांना ढास लागली नाही. योगायोग असेल.

१९ फेब्रुवारी

पुस्तिकेचा मसुदा बाबांना वाचून दाखवला. सोळा पानं झाली आहेत. शेडचं वर्णन त्यांना आवडलं. मध्ये एकदा हसलेसुद्धा, काकांच्या चपलेचा अंगठा तुटल्यावर ते दोरी बांधून दुकानं फिरल्याचा प्रसंग आला तेव्हा. "ते खरंय," म्हणाले. "दादानं फार वणवण केली."

मी विचारलं, "काही राहिलं का?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

"एक ओळ घाल," म्हणाले. "माझी छाती टीडीआयनं गेली, एवढी एकच ओळ. दादाला शिव्या नको, काही मागणं नको. मी साच्यावर वाकत होतो आणि छाती गेली. झालं तसं लिही."

"डॉक्टर तर दमा म्हणतात, बाबा."

"दमाच आहे. कुठून आला ते लिही म्हणतोय."

मी म्हणालो, समारंभाच्या पुस्तिकेत असं बरं दिसत नाही. बाबा म्हणाले, "पंचवीस वर्षांत एकदाही कुणी म्हणालेलं नाही रे. मीसुद्धा नाही. नातेवाईक विचारायचे, मी म्हणायचो, म्हातारपण. तेव्हा माझं वय चाळीस होतं." मग त्यांचा श्वास संपला आणि त्यांनी हातानंच जा म्हटलं.

मी ती ओळ घातली. अकराव्या पानावर, 'कान लावण्याची पद्धत' या प्रकरणाच्या शेवटी. शब्द सौम्य ठेवले.

२६ फेब्रुवारी

शेठनी मसुदा वाचला. मला घरी बोलावलं, म्हणजे आज ते काका होते. काकूंनी खायला दिलं. अकराव्या पानावर काकांनी बोट ठेवलं आणि ते कितीतरी वेळ तिथेच ठेवलं.

"हे त्यानं सांगितलं?"

"हो."

"त्याचं मन मला कळतं. माझा पाठचा भाऊ आहे तो." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "पण तू विचार कर. गेली इतकी वर्षं त्याच्या घरात चूल कुणाच्या जिवावर पेटते? या कारखान्याच्या. उद्या ते मोठ्या कंपनीचे लोक ही ओळ वाचतील आणि पळून जातील. मग कारखाना बंद. तुझी जागा गेली, त्याची औषधं गेली, सत्तर माणसं रस्त्यावर. एका ओळीसाठी?"

मी घाबरलो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी काय म्हणतो," काका म्हणाले. "पहिल्या पानावर त्याचा फोटो टाकू. माझ्या शेजारी, माझ्याएवढाच मोठा. खाली लिहू, संस्थापक. आजवर ते कुठंच लिहिलेलं नाही, चूक माझी आहे, ती सुधारू. फक्त आजार जिथला आहे तिथला लिही. आपल्या घराण्यात दमा आहेच. आजोबांना होता. आता तुलाही धाप लागते, मी बघतो ना. रक्तातलं आहे, त्याला कोण काय करणार?"

येताना मला हलकं वाटलं. संस्थापक! बाबांना मागितलं त्याहून कितीतरी जास्त मिळतं आहे.

१ मार्च

कारखान्याचे डॉक्टर आले होते. एका नळीत फुंकायला लावलं. काटा पाहून त्यांनी भुवया वर केल्या.

"घरी कुणाला दमा?"

"बाबांना."

"मग बरोबर," म्हणाले आणि लिहिलं. मलाही बरं वाटलं. कारण कळलं की निम्मी काळजी जाते.

लंबूला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. तो म्हणाला, "रक्तातला दमा? मग शेठ आणि तुझा बाप एकाच आईच्या पोटचे ना? शेठ तर रोज सकाळी टेकडी चढतो. त्याच्या रक्तात काय सरबत आहे?"

"सगळ्यांनाच होतो असं नाही. डॉक्टर म्हणाले."

"हां. आणि पैलवान पण तुमच्या घराण्यातला. आणि त्याच्या आधीचा तो मिशीवालाही. लय मोठं घराणं आहे बाबा तुमचं."

सगळे हसले. मीही हसलो, पण जेवण गेलं नाही.

घरी आईला विचारलं, आजोबांना दमा होता का. आई भांडी घासत होती. म्हणाली, "तुझे आजोबा सत्तरीत खांद्यावर पाण्याचे हंडे घेऊन तीन मजले चढायचे. वर येऊन शिट्टी वाजवायचे, दार उघड म्हणून. ज्याला दमा असतो तो शिट्टी वाजवतो का?"

आई काकांवर आधीपासूनच रागावलेली असते. तिच्या आठवणी एकतर्फी असू शकतात.

८ मार्च

अकरावं पान नव्यानं लिहून दिलं. चार वेळा लिहिलं, चारही वेळा हात थांबला. शेवटी असं झालं: 'घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दम्याच्या विकारामुळे संस्थापकांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. प्रस्तुत लेखक त्यांचा मुलगा असून त्यालाही हा विकार वारशानेच मिळाला आहे.'

दुसरं वाक्य काकांनी सुचवलं. म्हणाले त्यानं खरेपणा येतो, लिहिणारा स्वतःबद्दलच खोटं कशाला लिहील? खाली माझी सही छापायची आहे.

वाक्य चांगलं झालं आहे. एकही शब्द जास्तीचा नाही. तरी आज दिवसभरात पिंपांचे नळ तीन-तीनदा तपासले.

बाबांना सांगितलेलं नाही. छापून आल्यावर फोटोच दाखवीन, एकदम.

२३ मार्च

पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, शाईचा छान वास. पहिल्या पानावर दोघे भाऊ. बाबांचा तरुणपणीचा फोटो काकूंकडे निघाला. काय दिसायचे बाबा! केस मागे वळवलेले, छाती अशी पुढे.

आईनं फोटो पदरानं पुसला. नव्या कागदावर पुसण्यासारखं काही नव्हतं. बाबांनीही फोटोकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्यांनी अकरावं पान उघडलं. मी म्हणालो, "बाबा, आधी प्रस्तावना वाचा ना." त्यांनी ऐकलं नाही.

वाचलं. पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडायला श्वास लागतो.

"तुलाही?" एवढंच म्हणाले.

"काय मलाही?"

"हे दुसरं वाक्य. तुलाही आहे म्हणून लिहिलंयस. कधीपासून?"

"जानेवारीपासून थोडं थोडं. रविवारी नसतं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. तिला माहीत होतं असं दिसलं. बाबा म्हणाले, "उद्यापासून जाऊ नकोस."

"पाच दिवसांवर समारंभ आहे! पाहुण्यांसमोर ओतणी मी करणार आहे. कान लावून दाखवायचा आहे."

"जाऊ नकोस," ते पुन्हा म्हणाले. नंतर दोनदा तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

त्यांच्या ओळीचा राग माझ्या नोकरीवर काढतायत, असं मला वाटलं. मी इतकं करून, फोटो मिळवून, संस्थापक लिहवून, त्याचं काही नाही.

२८ मार्च, रविवार

हातात त्राण नाही, पण आजचं आजच लिहायला हवं. उद्या मी ते वेगळं आठवीन.

अंगण झाडलेलं होतं, कमान होती. मोठ्या कंपनीच्या तिघांना शेठ साच्यांकडे घेऊन आले. आज कपाटाचं कुलूप काढलं होतं. पाहुण्यांना मास्क दिले, शेठनी स्वतः लावला. त्यांच्यात एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "यांना नाही का मास्क?" शेठ हसून म्हणाले, "हा आमचा कान आहे. कानाला झाकण घालून कसं चालेल?"

मी ओतलं. फोम वर आला, सुंदर वर आला, काठ न तुटता. मी वाकलो. सगळे गप्प झाले होते. उसासा आला. मी हात वर केला, ही आमची खूण, आणि टाळ्या वाजल्या.

मग श्वास आत जाईना.

म्हणजे हवा समोर होती आणि मी तोंड उघडलं होतं, पण आतलं दार कुणी लावून घेतलं होतं. लंबूनं मला उचलून बाहेर बाकावर नेलं. ओठ निळे पडले होते म्हणे. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. शुद्धीवर होतो, सगळं ऐकू येत होतं. शेठ पाहुण्यांना सांगत होते, "घराण्याचा आजार आहे, बिचाऱ्याच्या नशिबी आला. लपवलेलं काही नाही, त्यानं स्वतःच लिहिलंय. पान अकरा."

त्या बाई मात्र माझ्याजवळ येऊन वाकल्या. त्यांनी मास्क काढला होता. हळूच विचारलं, "तुमच्या तोंडून ऐकायचंय. हे इथल्या कामामुळे होतं का? रविवारी, सुट्टीत, बरं वाटतं का तुम्हाला?"

रविवारचं त्यांना कसं माहीत? मी तर ते घरी आणि या वहीतच सांगितलं आहे. म्हणजे हे आणखी कुणाकुणाचं असंच असतं. तेवढ्या एका क्षणात सगळं एकापाठोपाठ आलं: जिन्यातली बादली, पैलवानाचा शर्ट, आजोबांची शिट्टी. मला कळलं. कळलं नाही असं आता लिहिता येणार नाही.

त्यांच्या मागे शेठ उभे होते. हात जोडलेले नव्हते, पण जोडल्यासारखे वाटत होते. सत्तर माणसं. बाबांची औषधं. पहिल्या पानावरचा फोटो.

"नाही," मी म्हणालो. "घरचाच आहे."

बाई उठल्या. त्यांनी अजून एकदा विचारलं असतं तर मी कदाचित... पण त्यांनी का म्हणून विचारावं?

२ एप्रिल

निम्मा हिस्सा विकला गेला. कारखान्यात पेढे वाटले, माझा वाटा लंबू घेऊन आला. आईनं तो घरात घेतला नाही.

संध्याकाळी काका स्वतः आले. खाली गाडीतच थांबले, मला खाली बोलावलं. म्हणाले, नव्या भागीदारांचा नियम आहे, ज्यांच्या घराण्यात छातीचा विकार आहे अशांना रसायनांजवळ ठेवायचं नाही. स्टोअरमध्येही नाही. ऑफिसातही पिंपांचा वास येतोच.

"हे मी नाही करत रे, नियम आहे. तुझ्याच भल्याचा." खिशातून पाकीट काढून माझ्या हातात कोंबलं.

"भरपाई असते ना, काका? कामामुळे आजार झाला तर? लंबू म्हणत होता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दुखावल्यासारखं. "कामामुळे झाला तर असतेच," म्हणाले. "तू चौघांसमोर काय सांगितलंस?"

गाडी गेली. मी तीन मजले चढलो. मध्ये दोनदा बसावं लागलं.

६ एप्रिल

बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आईनं दुसरी खुर्ची आणून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली आहे. मी तिच्यात बसत नाही. पहाटे मात्र बसावं लागतं, आडवं होता येत नाही.

आज बाबांना सांगून टाकलं. बाईंनी काय विचारलं, मी काय म्हणालो, सगळं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मीसुद्धा नाहीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा डॉक्टरनं विचारलं तेव्हा. दादा शेजारी उभा होता."

११ एप्रिल, रविवार

दुपारी एक माणूस आला. माझ्याएवढाच असेल, लग्न नुकतंच झालेलं, नवा शर्ट. मिक्सरवर माझ्या जागी त्याला घेतलं आहे. आठवडाभर त्याचे ठोकळे आकसतायत, सगळा माल फेकावा लागतोय. शेठनी त्याला बाबांकडे पाठवलं. 'कान कसा लावायचा, विचारून ये.'

मी त्याला जिन्यातच गाठलं. म्हणालो, "हे काम सोड. मी तिथं होतो. छाती जाते. माझी गेली, बाबांची गेली, पैलवानाची गेली."

तो गोंधळला. "पण तुमचा तर घराण्यातला आहे ना? मला पुस्तिका दिलीय शेठनी. तुम्हीच लिहिलंय त्यात."

"खोटं लिहिलंय."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. उद्धटपणा नव्हता त्यात. "दादा, राग नका मानू," तो म्हणाला. "जागा होती तोवर खरं होतं, जागा गेल्यावर खोटं झालं, असं कसं? आमच्या घराण्यात कुणाला काही नाही. मला कशानं होईल?"

त्याच्यासाठीच तर ते लिहिलं होतं असं वाटलं, इतकं ते चपखल बसलं होतं.

आत जाऊन तो बाबांच्या पाया पडला आणि खाली बसला. "आवाज नक्की कसा असतो, तेवढं सांगा. मला काहीच ऐकू येत नाही."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शर्टाची बटणं काढली. एक, एक. बरगड्या दिसल्या. आईनं तोंड फिरवलं. बाबांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं.

"इथं लाव कान."

तो आधी माझ्याकडे, मग आईकडे बघत कसाबसा पुढे झाला आणि बाबांच्या छातीला त्यानं कान लावला. बाबांनी जेवढा मिळाला तेवढा श्वास घेतला आणि सोडला. मलासुद्धा खुर्चीतून ऐकू आला. बारीक, लांब, संपता न संपणारा.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता कळेल. आता हा उठेल, चपला घालेल आणि कारखान्याचं तोंड बघणार नाही. बाबांनाही तेच वाटत असणार. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

त्यानं डोकं वर केलं. चेहरा उजळला होता.

"असाच असतो?" म्हणाला. "अगदी असाच?"

बाबांचा हात हवेतच राहिला.

"असाच," ते म्हणाले.

तो पुन्हा एकदा पाया पडला. आईनं चहा टाकला होता, पण तो थांबला नाही.

१४ एप्रिल

लंबू येऊन गेला. नव्या मिक्सरवाल्याचा कान चांगला तयार झालाय म्हणे. सोमवारपासून एकही ठोकळा आकसलेला नाही.